नसलेल्या वस्तूंचे सुतार

मी ज्या खाटेवर झोपते ती खाट म्हणजे समुद्राच्या तळाशी जाणाऱ्या एका यंत्राची पाठ आहे. ते यंत्र कधी झालंच नाही. होणार होतं. मोठमोठ्या माणसांनी त्याच्याभोवती फेऱ्या मारल्या, माना हलवल्या आणि शेवटी नको म्हणाले. मग भाऊजींनी ते हातगाडीवर घालून घरी आणलं, खाली पाय ठोकले आणि मला म्हणाले, "धाकटे, झोप यावर. समुद्राची गादी आहे, नशीब लागतं."

घरात सगळं असंच आहे. कपड्यांचं कपाट म्हणजे माणसाशिवाय उडणाऱ्या गाडीचं पोट. दाराशी चपला ठेवतो ती माणसासारखं चालणाऱ्या यंत्राची छाती. ताई ज्या टेबलावर लोकांचे कपडे इस्त्री करते ते कसल्याशा बारीक चकत्या कोरणाऱ्या यंत्राचं झाकण. माझ्याबरोबर कारखान्यात काम करणारी एक जण एकदा घरी आली होती. चहा पिऊन गेली आणि दुसऱ्या दिवशी म्हणाली, तुमच्या घरात बसलं की झोपेत असल्यासारखं वाटतं. खरं आहे. न झालेल्या गोष्टींमध्ये राहिलं की माणूस थोडा हलका होतो. संध्याकाळी उजेड तिरपा आला की कपाटाच्या कडेला उडायचं आठवतं की काय, असं मला वाटायचं. भाऊजींना सांगितलं तर म्हणाले, "मग बिजागरी घट्ट करायला हवी."

भाऊजी म्हणजे माझ्या ताईचा नवरा. माझं लग्न मोडल्यापासून मी त्यांच्याकडेच राहते. मेहुणी म्हणजे घरातलं मांजर, असं ते म्हणायचे, हाकललं तरी दुधाच्या वेळेला हजर. मी म्हणायची, दूध मीच आणते, भाऊजी. अशी आमची गंमत चालायची. ते गेल्यापासून मला कोणी मांजर म्हटलेलं नाही. म्हणून हे लिहायला घेतलं.

त्यांचं काम काय होतं हे लोकांना सांगताना आमची नेहमी पंचाईत व्हायची. सुतार, म्हटलं की लोक विचारायचे, दारं-खिडक्या करतात का. नाही. फर्निचर. नाही. मग काय करतात. जे अजून नाहीये ते करतात.

आमच्या लहानपणी इथे कारखाने नव्हते. मग आले, कुत्र्याच्या छत्र्या उगवतात तसे भराभर आले. मी शर्टांच्या कॉलरी शिवते. कापड बाहेरचं, साचा बाहेरचा, शिक्का बाहेरचा, हात तेवढे आपले. भाऊजी खुर्च्यांच्या कारखान्यात होते, तिथेही तेच. बाहेरून नकाशा यायचा, तशी खुर्ची करायची, डब्यात घालून पाठवायची. वाईट काहीच नव्हतं त्यात, घरं पक्की झाली, पोटं भरली, कोणी नावं ठेवू नयेत. पण मग एक दिवस तो खुर्च्यांचा कारखाना उठला आणि दुसऱ्या देशात गेला. तिथले हात आणखी स्वस्त होते. यंत्रं उचलून नेली आणि जमिनीवर त्यांच्या पायांचे चौकोनी डाग तेवढे राहिले. भाऊजी आम्हाला ते डाग दाखवायला घेऊन गेले होते. ताई म्हणाली, "अहो, हे काय बघायला आणलंत, घर सोडून गेलेल्या भाडेकरूसारखं." ते एका डागावर उभे राहिले होते नुसते.

सरकारलाही त्याच सुमारास जाग आली असावी. दुसऱ्याच्या साच्यावर किती दिवस काढणार. उद्या जगात जी यंत्रं येणार आहेत त्यांच्यावर आपल्या माणसांनी आजपासून डोकं चालवायला हवं, म्हणजे तेव्हा आपण पाठीमागे धावत सुटायचं नाही. पण पैसा थोडा, शिकलेली माणसं थोडी, आणि उद्या येणाऱ्या गोष्टी भारंभार. मग निवडायचं कसं. त्यासाठी एक ऑफिस काढलं. त्याचं नाव इतकं लांब होतं की पाटी दोन भिंतींवर गेली होती. आम्ही सगळे त्याला उद्याचं ऑफिस म्हणायचो. ताईचं म्हणणं, बाकीची ऑफिसं तोंडानं उद्या या म्हणतात, याचं तर नावच ते पडलं.

भाऊजी तिथे सुतार म्हणून लागले. तिथल्या मोठ्या मॅडमची एक पद्धत होती. त्या म्हणायच्या, कागदावर सगळ्या गोष्टी चांगल्याच दिसतात, माणसं शब्दांना हो म्हणून मोकळी होतात. म्हणून ज्या यंत्रावर संशोधन करायचं म्हणताय ते आधी लाकडात करून हॉलमध्ये ठेवा, आहे तेवढं मोठं. लोकांना त्याच्याभोवती फिरू दे, दार उघडून बघू दे, त्यावर हात ठेवून भांडू दे. आणि त्या हॉलच्या फरशीवर रंगानं तीन भाग आखले होते. एकावर लिहिलं होतं करायचं, दुसऱ्यावर घ्यायचं, तिसऱ्यावर सोडायचं. करायचं म्हणजे आपण स्वतः शोधून काढायचं. घ्यायचं म्हणजे दुसऱ्यांनी केलं की त्यांच्याकडून विकत आणायचं. सोडायचं म्हणजे आपल्याला नकोच. बोलणी झाली की ते लाकडी यंत्र ढकलत त्या त्या भागात न्यायचं. ढकलायचं काम भाऊजींचं. देशाचं पुढचं सगळं आमच्या भाऊजींच्या खांद्यानं इकडून तिकडे व्हायचं. घरी येऊन खांदा चोळत म्हणायचे, "आज चंद्रावरचं शेत सोडायचंमध्ये टाकलं. फार जड होतं."

आणि एक नियम होता. लाकडी यंत्राला कधीही गुळगुळीत करायचं नाही. रंधा मारा, खिळे ठोका, पण पॉलिश नाही, रंग नाही, पेन्सिलीच्या खुणा तशाच राहू द्या. बघणाऱ्याला कळायला हवं की हे अजून झालेलं नाहीये, नुसतं मनात आहे. मॅडमनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "मिस्त्री, तुमचा हात चांगला आहे हे मला माहीत आहे. तो हात घरी वापरा." भाऊजींना हे सुरुवातीला फार जड गेलं. चांगल्या सुताराला खडबडीत सोडायला सांगणं म्हणजे गवयाला बेसूर गा म्हणण्यासारखं. पण मग सवय झाली. उलट त्यांना त्यात काहीतरी आवडायला लागलं. म्हणायचे, खडबडीत वस्तूला अजून काहीही होता येतं.

आता ताईचं सांगते. ताईचा आवाज आमच्या गल्लीला घड्याळासारखा होता. सकाळी तिनं इस्त्रीचं दुकान उघडलं, म्हणजे खालच्या खोलीचं दार उघडलं, की आवाज सुरू. कोणाच्या शर्टाला डाग, कोणाच्या पोराला ताप, कोणाची सासू बरोबर, सगळ्याचा निकाल तिथे लागायचा. मग गळ्यात गाठ निघाली. ऑपरेशन झालं, जीव वाचला, आवाजाची पेटी काढून टाकावी लागली. गळ्याला एक भोक राहिलं, त्यावर ती पातळ रुमाल बांधते. ओठ हलतात, जीभ हलते, सगळं पहिल्यासारखं, फक्त बाहेर काही येत नाही. काचेपलीकडून बोलणाऱ्या माणसासारखं.

दवाखान्यातून घरी आणली त्या दिवशी शेजारची बाई बघायला आली. ताईनं ओठ हलवले. शेजारणीला काही कळलं नाही, मलाही नाही. भाऊजी कोपऱ्यात पिशवी उघडत होते, त्यांनी वर बघितलं आणि सरळ ताईच्या ढंगात म्हणाले, "बस की गं, उभी काय राहिलीस, आणि माझी परात परत आणलीस का?"

शेजारीण दचकली आणि मग हसता हसता रडायला लागली. परात खरंच तिच्याकडे होती.

तेव्हापासून ते तिचा आवाज झाले. ती ओठ हलवायची, ते बोलायचे. ऑफिसातून आले की दुकानात तिच्या शेजारी उभे. रविवारी बाजारात. आवाज त्यांचाच, जाड आणि थोडा घोगरा, पण शब्द तिचे, हेल तिचा, तिरकेपणाही तिचा. त्यात एक शब्द आपला घालायचे नाहीत, याची मी साक्षीदार आहे. कारण सगळ्यात जास्त शिव्या त्यांना स्वतःलाच द्याव्या लागायच्या. भर बाजारात भाजीवाल्यापुढे उभे राहून म्हणायचे, "अहो, तुम्हाला काही कळतं का, असले मऊ बटाटे कोणी घेतं?" आणि लगेच आपल्या साध्या आवाजात, "मी कुठे घेतले, नुसते उचलून बघितले." मग पुन्हा तिचं, "उचललेत म्हणजे घेतलेच असते." नवा भाजीवाला असेल तर त्याला वाटायचं हा माणूस एकटाच भांडतोय. जुने होते ते सगळं सोडून ऐकत उभे राहायचे.

मला ते कधी जमलं नाही. मी ताईची सख्खी बहीण, पण मला तिचे ओठ अर्धेच वाचता यायचे. ती मीठ म्हणायची, मी पीठ आणून द्यायची.

मग भाऊजींना खोकला लागला. लाकडाचा भुसा वर्षानुवर्षं छातीत बसलेला. ऑफिसच्या वर्कशॉपमध्ये सकाळी खिडकीतून उजेड आला की हवेत सोनं उडाल्यासारखं दिसायचं, मी बघितलंय, उभं राहून बघत बसावं असं. तेच सोनं आत गेलं. डॉक्टरांनी आडून आडून सांगितलं, फार दिवसांचं बोलणं करू नका. घरी आल्यावर भाऊजी जिना चढताना मध्येच थांबले, कठड्याला धरून, आणि मला म्हणाले, "धाकटे, माझं जाऊ दे. ही बोलणार कशी?"

त्यांना दुसरी काळजीच नव्हती. शेवटपर्यंत ही एकच.

अशात उद्याच्या ऑफिसात एक तरुण संशोधक मुलगी आली. भाऊजी तिला गळ्यावाली पोरगी म्हणायचे. तिचं म्हणणं असं, की ज्यांचा आवाज गेलाय त्यांच्या गळ्याला आणि हनुवटीखाली एक पट्टी बांधायची. माणूस ओठ हलवतो तेव्हा आतले स्नायू हलतात, ती हालचाल पट्टी ओळखेल आणि तिच्यातून बोलणं बाहेर येईल. अजून कुठे नीट झालेलं नाही, ती म्हणाली, पण होणार आहे, आणि आपल्याला करता येईल. मॅडमनी भाऊजींना बोलावून सांगितलं, लाकडाची पट्टी करा.

त्या दिवशी ते घरी आले ते जिना धावत चढून, खोकत. ताईला खुर्चीवर बसवलं आणि तिच्या गळ्याचं माप दोऱ्यानं घेतलं. तिनं ओठ हलवले. तेच बोलले, "गळा दाबायला आज मुहूर्त मिळाला वाटतं?" आणि हसायला लागले.

ती पट्टी त्यांनी ऑफिसात केली नाही. घरी केली, इस्त्रीच्या टेबलावर, खिडकीशी. गर्द रंगाच्या लाकडाचा एक तुकडा त्यांनी किती वर्षं जपून ठेवला होता, तो काढला. पातळ पातळ काप जोडून वळवले, मध्ये छोट्या कड्या घातल्या. मी कारखान्यातून कॉलरीच्या आतल्या मऊ कापडाच्या चिंध्या आणल्या होत्या, त्यातलं अस्तर शिवून दिलं. मग ते घासत बसले. घासत काय, कुरवाळत. तेलाचा हात फिरवायचे, उजेडात धरायचे, पुन्हा फिरवायचे. मी म्हटलंसुद्धा, "भाऊजी, तुमच्यात पॉलिश चालत नाही ना?" ते म्हणाले, "तिच्या गळ्याला टोचेल." लाकडी तुकडा कोणाच्या गळ्यात घालायचाच नव्हता, हॉलमध्ये नुसता ठेवायचा होता. पण त्यांच्या मनात तो तिच्या गळ्यात बसलाच होता. ताईनं तो घालून आरशात बघितलं तेव्हा आम्हीही मागून आरशात डोकावलो. अशी शोभत होती ती पट्टी, वाटलं आता बोलेल.

निवड करायच्या आधी त्या हॉलमध्ये लोकांना आत सोडायचे. कोणीही यावं, बघावं. मी आणि ताई गेलो. बाहेर धुकं होतं, त्यामुळे हॉलच्या खिडक्या दुधासारख्या दिसत होत्या आणि त्या उजेडात ती सगळी लाकडी यंत्रं उभी, खडबडीत, पेन्सिलीच्या रेघा अंगावर. झोपेतून अर्धवट उठलेल्या जनावरांच्या कळपासारखी. आणि टोकाच्या टेबलावर आमची पट्टी, चकचकीत.

मंडळी आली. कारखान्यांचे लोक, कॉलेजांचे लोक, सरकारचे लोक. त्यांचे अध्यक्ष म्हणजे जाड चष्म्याचे एक साहेब. माणूस चांगला होता, मी उगाच वाईट बोलणार नाही. ते दर वेळी एकच सांगायचे, सगळीकडे खड्डे खणले तर विहीर एकही होत नाही. जे दुसऱ्यांनी करून ठेवलंय ते आपण पुन्हा करत बसलो तर आपलं खास असं काही उरणार नाही. बरोबरच आहे.

ते पट्टीपाशी आले. उचलली, अंगठा फिरवला, अस्तर बघितलं. विचारलं, "ही कुठल्या कंपनीची?"

गळ्यावाली पोरगी बोलायला लागली, पण ते बरोबरच्या माणसाला दाखवत होते. "इतकी छान होऊन बाजारात आली आहे, तर आपण पुन्हा का शोधायची? मागवू या." बरोबरच्या लोकांनी माना हलवल्या. पोरगी म्हणाली, "साहेब, ही नुसती..." पण तोवर ते पुढच्या यंत्राकडे गेले होते, आणि दिवसाची यादी मोठी होती. मॅडम त्या वेळी हॉलच्या दुसऱ्या टोकाला कोणाशी तरी बोलत होत्या.

सुतारानं हॉलमध्ये बोलायचं नाही, अशी तिथली रीत. कोणी तसं बजावलं नव्हतं, पण होती. खूण झाली की न्यायचं. भाऊजींनी पट्टी दोन्ही हातांवर घेतली, हॉल ओलांडून गेले आणि घ्यायचंच्या भागात, एका लाकडी ट्रॅक्टरच्या बाजूला ठेवून आले. परत येताना त्यांनी आमच्याकडे बघितलं नाही.

घरी आल्यावर ताईनं ओठ हलवलेच नाहीत. आमच्या घरात पहिल्यांदाच अशी शांतता झाली. पाणी उकळायचा आवाज मोठा वाटायला लागला. भाऊजी तिच्यासमोर जाऊन बसले आणि वाट बघत राहिले, दुकानात गिऱ्हाईक बसतं तसे. शेवटी ती बोलली, आणि त्यांना ते मोठ्यानं म्हणावंच लागलं, कारण मी खोलीत होते आणि त्यांची सवयच ती होती.

"एवढी पॉलिश कोणासाठी केली होतीत?"

मग आपल्या आवाजात, "तुझ्यासाठी."

"मला पट्टी हवी होती. तुम्ही दागिना केलात."

ते म्हणाले, "हो."

"अहो, नुसतं हो काय म्हणता. उद्या जा आणि सांगा."

"सुतार बोलत नाही तिथे."

"मग मी बोलते," ते म्हणाले. म्हणजे ती म्हणाली. त्या दोघांच्या बोलण्यात शेवटी शेवटी मलाही कळायचं नाही कोण कुठे संपतंय.

निवडीनंतरचा दिवस शंकांचा असायचा. कोणाला काही नवीन दाखवायचं असेल तर दाखवावं, मग रेघ पक्की. आम्ही तिघं गेलो. धुकं तसंच. भाऊजींनी हत्यारांच्या पिशवीतून बारीक करवत काढली. मंडळी बसलेली होती. ते कोणाला काही न विचारता घ्यायचंच्या भागात गेले, पट्टी उचलली, सगळ्यांच्या समोरच्या टेबलावर आणून ठेवली, एका हातानं दाबून धरली आणि करवत चालवली. मला त्यांच्या हाताचा आवाज माहीत आहे, लाकूड कापताना ते कधी थांबत नाहीत. त्या दिवशी मध्ये थांबले. मग पुन्हा चालवली.

दोन तुकडे झाले. त्यांनी कापलेली बाजू चष्मेवाल्या साहेबांच्या पुढे धरली. आत भरीव लाकूड. तार नाही, काही नाही.

"हे अजून नाहीये, साहेब," ते म्हणाले. "मी असल्यासारखं केलं. नियम मोडला. चूक माझी आहे, पट्टीची नाही."

साहेबांनी चष्मा काढला, तुकडा डोळ्याजवळ नेला, बोट लावून बघितलं. मग ओशाळून हसले. "मिस्त्री, मला तर वाटलं होतं मी हिची जाहिरातसुद्धा कुठेतरी बघितली आहे." सगळे हसले. मग म्हणाले, "ठीक आहे, अजून झालेली नाही. पण कोणीतरी करेलच ना. दोन-चार वर्षं थांबू, तेव्हा घेऊ. थांबायला काय हरकत आहे?"

मॅडम म्हणाल्या, "बाहेरची पट्टी बाहेरच्यांच्या भाषेत बोलेल. आपली भाषा तिला कोण शिकवणार? ते काम आपल्यालाच करावं लागेल, मग ते आता का नको?"

"आणि थांबायचं म्हटलं तर कोण थांबणार आहे, किती लोक आहेत असे?" साहेबांनी विचारलं. वाईट भावनेनं नाही, त्यांना खरंच माहीत करून घ्यायचं होतं.

तेव्हा ताई उठली. रुमाल नीट केला आणि टेबलाजवळ गेली. ओठ हलवायला लागली. भाऊजी तिच्या शेजारी उभे राहिले आणि बोलायला लागले, बाजारात बोलतात तसेच.

"मी इस्त्रीवाली. मी यांची बायको. मला आवाज नाही, हा यांचा आवाज आहे, शब्द माझे आहेत."

साहेब कधी तिच्या ओठांकडे बघत होते, कधी त्यांच्या.

"हे फार चांगलं बोलतात माझं. एक शब्द इकडचा तिकडे करत नाहीत. पण..."

इथे ताईचे ओठ चालूच होते आणि भाऊजी थांबले. ती काय म्हणाली ते त्यांना दिसलं होतं. मला पण दिसलं, त्या एका वेळी मला तिचे ओठ पूर्ण वाचता आले. तिनं त्यांच्याकडे वळून बघितलं. मग तेच पुन्हा म्हणाली, सावकाश.

भाऊजींनी घसा साफ केला. "पण यांच्या छातीत भुसा भरलाय. हे गेले की मी कोणाच्या तोंडानं बोलू?"

तिच्या ढंगातच म्हणाले. तिचा तो शेवटचा शब्द वर नेण्याचा हेल, तोसुद्धा सोडला नाही. आणि मग त्यांना खोकला आला, बराच वेळ येत राहिला, आणि तेवढा वेळ ताईचे ओठ हलत होते आणि कोणाला काही ऐकू येत नव्हतं.

साहेब उठले. त्यांनी ताईला पाणी दिलं, भाऊजींना द्यायला. आणखी एकदोघांनी काहीतरी विचारलं, मॅडम बोलल्या, पोरगी बोलली, आधी चिपचं यंत्र की शेतीचं यंत्र असंही काहीतरी निघालं. मग खूण झाली. भाऊजी पुढे व्हायला लागले, तर ताईनं त्यांचा हात बाजूला केला. पट्टीचा एक तुकडा उचलून तिनं स्वतःच करायचंच्या भागात नेऊन ठेवला, अगदी कडेला, पण रेघेच्या आत. दुसरा तुकडा तिनं पदरात घातला. तो आता इस्त्रीच्या टेबलाच्या लंगड्या पायाखाली आहे.

मग ते दिवस आले ते मला सगळ्यात जास्त आठवतात. दुपारी ती दोघं त्या पोरीच्या प्रयोगशाळेत जायची. छोटी खोली, खिडकीबाहेर एक झाड, आत यंत्रांचा बारीक गुणगुण आवाज. ताईच्या गळ्याला तारा लावायच्या. ती ओठ हलवायची, भाऊजी बोलायचे, आणि गळ्याची हालचाल आणि ते बोलणं दोन्ही बरोबर साठवलं जायचं. यंत्राला शिकवायला, की असं हललं म्हणजे असं म्हणायचं. पोरीनं आधी शब्दांची पानं दिली होती, वाचा म्हणून. दोघांना ते जमेना, शाळेतल्या पोरांसारखं व्हायचं. शेवटी पोरगी कंटाळून म्हणाली, तुम्ही आपलं नेहमीसारखं बोला. झालं. मग बटाटे, परात, शेजारीण, त्यांची तुटक्या वादीची चप्पल, लग्नातला कोणाचा तरी रुसवा, सगळं निघालं. भाऊजी मला म्हणाले, "आता आम्ही देशाच्या खर्चानं भांडतो."

मी सुट्टीच्या दिवशी बरोबर जायची आणि कोपऱ्यात बसायची. ऊन झाडातून यायचं, भिंतीवर हलायचं. त्यांचं बोलणं ऐकता ऐकता डोळा लागायचा आणि अर्धवट झोपेत तो एकच आवाज दोघांचा होऊन चालू राहायचा, तू आणि तुम्ही, अहो आणि अगं. भाऊजी बारीक होत चालले होते. आवाज खोल जायला लागला तेव्हा पोरगी म्हणाली, आता पुरे झालं, भरपूर आहे. ते म्हणाले, "आणखी थोडं घे. हिच्या शिव्या अजून सगळ्या झाल्या नाहीत."

पट्टी व्हायच्या आधीच ते गेले. सकाळी, चहा गार होईपर्यंत. शेवटचं ते आपलं बोलले की तिचं, हे मला सांगता येणार नाही. ताई त्यांच्या उशाशी होती, तिचे ओठ हलले, आणि ते हळूच म्हणाले, "पडून राहा, उठू नका." आणि नाही उठले.

लोक भेटायला यायचे. ताईशी बोलायचे, ताई ओठ हलवायची आणि लोक माझ्याकडे बघायचे. मी सांगायचा प्रयत्न करायची. पीठ, मीठ. शेवटी ताईनं ओठ हलवणंच सोडलं. दुकान उघडायची, इस्त्री तापवायची, कपडे घ्यायची, द्यायची. गल्लीत सकाळ कधी झाली ते कळायचं नाही. मी त्या समुद्राच्या खाटेवर पडून राहायची आणि वाटायचं, आता हे सगळं घर खरंच तळाला गेलं.

मग परवा ती पोरगी आली. पिशवीतून पट्टी काढली. दिसायला इतकी वाईट, काय सांगू. चिकटपट्टी गुंडाळलेली, तारा बाहेर लोंबतायत, एका बाजूला पेनानं खुणा केलेल्या, बॅटरीची डबी वेगळी, ती कमरेला खोचायची. म्हणाली, "ताई, ही पहिलीच आहे. चुकेल. काही शब्द खाईल." मग चाचरत म्हणाली, "आणि आवाज... हवा तर बदलून बाईचा घालता येईल. मिस्त्रींना मी विचारलं होतं, आवाज कोणाचा ठेवू. ते म्हणाले, तिला विचार, पण मी असताना विचारू नकोस."

मला तोवर ते सुचलंच नव्हतं. ताईलाही नसावं.

तिनं रुमाल सोडला, पट्टी बांधली. मी मागून तारा सरळ केल्या. तिनं ओठ हलवले. नुसती खरखर आली. पोरीनं काहीतरी दाबलं. ताईनं पुन्हा ओठ हलवले.

"धाकटे, इस्त्री तापलीय, बघतेस काय."

मी दाराकडे वळले. खरं सांगते, मी दाराकडे बघितलं. जिन्यावरून कोणी येतंय का ते.

"तिकडे काय," भाऊजींचा आवाज म्हणाला, थोडा तुटत, जाड आणि घोगरा, आणि शेवट वर नेणारा. "इकडे बघ."

पोरीनं विचारलं, "बदलू का आवाज?"

"हात तर लावून बघ," ताई म्हणाली.

पोरगी हसली आणि तिनं डोळे पुसले. मग चहा झाला, ती गेली. जाताना सांगून गेली की काय चुकतंय ते लक्षात ठेवा, पुढची आणखी नीट करू. दुपार कलली. ऊन कपाटाच्या कडेवर आलं, उडणाऱ्या गाडीच्या पोटावर, आणि चपलांच्या त्या लाकडी छातीवर. ताई टेबलाशी उभी होती. मी कॉलरी उलटत होते. तिला वाटलं असेल मी ऐकत नाहीये. तिनं पट्टीवरून बोट फिरवलं, चिकटपट्टीच्या सुरकुत्यांवरून, लोंबणाऱ्या तारेवरून.

"अहो, ऐकलंत का," ती हळूच म्हणाली, त्यांच्या आवाजात. बाजारात तेच तर म्हणायचे ते, स्वतःलाच. "हिला पॉलिश नाहीये."

मग थोडा वेळ थांबली, उत्तराला जेवढा लागतो तेवढा. आणि इस्त्री उचलून पुढचा शर्ट घेतला.